अंगणातली लँबोर्गिनी : हुनर कुणाचा, नाव कुणाचे?

मोबाइलवर असला एखादा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. गॅरेजमध्ये जुनी मारुती किंवा होंडा उभी असते. तिचा टप कापला जातो, दारे निघतात, लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहतो, त्यावर पत्रा किंवा फायबर चढते, पुट्टी घासली जाते, रंग मारला जातो. शेवटी तीच गाडी पिवळीधमक लँबोर्गिनी किंवा लालभडक फेरारी होऊन रस्त्यावर येते. दारे वर उघडतात आणि गल्लीतली पोरे मागे धावतात.

पाहणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय हात आहे!" दुसरा म्हणतो, "नकली ती नकलीच." गाड्यांचा शौक असणाऱ्यांमध्ये हा वाद जगभर चालू आहे आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात गॅरेजचा, वेल्डिंगचा, डेंटिंग-पेंटिंगचा धंदा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपापल्या गावच्या नाक्यावर पत्रा ठोकून संसार चालवणारे हात आपल्याच नात्यागोत्यातले आहेत. म्हणून या वादाकडे करमणूक म्हणून न पाहता, दोन्ही बाजू काय म्हणतात ते नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटले.

तळघरातली १७ वर्षे

आधी या वेडाची खोली पाहू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका गृहस्थाने आपल्या घराच्या तळघरात लँबोर्गिनी काउंटाश बनवायला घेतली. 'द कॅननबॉल रन' या १९८१ च्या चित्रपटात त्याने ती गाडी पाहिली होती. त्याने बाजारातून तयार फायबरचा साचा आणला नाही. लाकडाचा आकार घडवून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने वळवला. इंजिन मात्र फोर्डचे व्ही-८ बसवले. या कामाला १७ वर्षे लागली. गाडी पूर्ण झाली तेव्हा ती तळघरातून बाहेर काढायला वाट नव्हती. अखेर घराशेजारची जमीन खोदून, भिंत फोडून ती वर काढावी लागली.

दुसरे उदाहरण कोलोरॅडो राज्यातले. तिथल्या एका पदार्थविज्ञान तज्ज्ञाच्या मुलाला व्हिडिओ गेम खेळताना लँबोर्गिनी अवेंटाडोर आवडली. "अब्बा, अशी गाडी आपण बनवू शकतो का?" हा प्रश्न कुठल्याही घरातला मुलगा विचारतो. या बापाने तो मनावर घेतला. घरगुती थ्री-डी प्रिंटरवर गाडीचे भाग तुकड्यातुकड्याने छापले, त्यावर कार्बन फायबर चढवले, सांगाडा लोखंडाचा केला आणि इंजिन जुन्या कॉर्व्हेटचे घेतले. ही बातमी इटलीत लँबोर्गिनी कंपनीपर्यंत पोहोचली. कंपनीने वकिलाची नोटीस न पाठवता २०१९ च्या नाताळाच्या सुमारास खरीखुरी अवेंटाडोर काही दिवस वापरायला म्हणून त्यांच्या दारात उभी केली.

आपल्या शेजारीही असे हात आहेत. ढाक्याचे निजामुद्दीन औलिया लिपू जुन्या जपानी गाड्यांचा पत्रा हातोडीने ठोकून त्यांना महागड्या स्पोर्ट्स कारचे रूप देत. त्यांच्या कामावर डिस्कव्हरी वाहिनीने 'बांगला बँगर्स' ही मालिका केली. बांगलादेशातच नारायणगंजच्या एका तरुणाने २०१९ मध्ये बॅटरीवर चालणारी लँबोर्गिनीसारखी गाडी घडवली. आसामच्या करीमगंज, म्हणजे आताच्या श्रीभूमी जिल्ह्यात एका मुस्लिम मेकॅनिकने लॉकडाउनच्या काळात जुन्या मारुती स्विफ्टला लँबोर्गिनीचे रूप दिले. त्यात त्याचे सहा लाखांहून अधिक रुपये आणि आठेक महिने गेले. पुढे अशीच एक गाडी त्याने राज्याच्या मुख्यमंत्र्यांना भेट दिली.

शौकिनांचे तीन मतप्रवाह

या गाड्यांविषयी शौकिनांची मते ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिला गट अस्सलतेचा आग्रह धरणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की गाडीचा आकार हा तिच्या आतल्या यंत्राचा परिणाम असतो. इंजिन मधे असल्यामुळे नाक बुटके होते, हवा घ्यायला बाजूला भोके लागतात, चाके रुंद असतात म्हणून पत्रा फुगतो. आत साधे इंजिन ठेवून बाहेरून ते फुगवटे चिकटवले तर ती गाडी न राहता नाटकाचा पोशाख होतो. एका दृष्टीने हे बरोबर आहे. नकली गाडी जाणकाराला कशी ओळखू येते? चाके पत्र्याच्या फार आत गेलेली असतात, काच फार उभी असते, दारांच्या फटी सारख्या नसतात आणि इंजिन सुरू केले की आवाज चुगली करतो.

थोडे आकडे पाहिले की अडचण कळते. अवेंटाडोरची उंची सुमारे ११४ सेंटिमीटर, रुंदी २०३ सेंटिमीटर आणि दोन चाकांच्या आसांमधले अंतर २७० सेंटिमीटर. स्विफ्टची उंची १५० सेंटिमीटरच्या पुढे, रुंदी १७० च्या आसपास आणि आसांमधले अंतर २४५ किंवा त्याहून कमी. म्हणजे कारागिराला स्विफ्टची उंची जवळपास हातभर कमी करायची, रुंदी फूटभर वाढवायची आणि लांबीही ओढायची. शिवाय स्विफ्टचे इंजिन पुढे, अवेंटाडोरचे मागे. इतके करूनही आत १.२ लिटरचे इंजिन, तर अस्सल गाडीत ६.५ लिटरचे बारा सिलिंडरचे. २०१७ मध्ये अवेंटाडोर एस भारतात आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत ५ कोटींच्या वर होती. या सगळ्या अडचणींतून वाट काढून लांबून तरी ओळखू येईल अशी आकृती उभी करणे, हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे.

दुसरा गट घडवणाऱ्यांचा. ते म्हणतात, "पैसा असलेला माणूस चेक फाडतो आणि गाडी घेतो. आम्ही ती हाताने केली. मान कुणाला जास्त मिळायला हवा?" त्यांच्या लेखी गाडी चालवण्यापेक्षा ती बनवताना जे शिकायला मिळते ते मोलाचे. वेल्डिंग, वायरिंग, ब्रेकचे गणित, फायबरचा साचा, रंगाची कोटिंग, हे सगळे एकाच माणसाला यावे लागते. आणि ते दुसऱ्याकडून करून घेऊन मिरवणाऱ्याला हा गट आपला मानत नाही.

तिसरा गट विचारतो, "एवढा हुनर आहे तर स्वतःची गाडी का नाही काढत?" त्यांना नकलेची चीड नाही, पण दुसऱ्याच्या आकृतीवर खर्च झालेल्या मेहनतीची हळहळ आहे. आमचे मन याच गटाकडे झुकते. मात्र नक्कल करतच हात तयार होतो, हेही विसरून चालणार नाही. शिकाऊ पोरगा आधी उस्तादाचा टाका गिरवतो, मग त्याचा स्वतःचा टाका उमटतो.

सर्वांत जास्त नक्कल झालेली गाडी

जगात सर्वांत जास्त नक्कल झालेल्या स्पोर्ट्स कारमध्ये कोब्राचे नाव आघाडीवर आहे. अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये ती काढली. मूळ गाड्या जेमतेम हजारभर झाल्या, तर नकला काही पटींनी अधिक. अमेरिकेतील 'फॅक्टरी फाइव्ह' ही कंपनी १९९५ पासून तिचे सुटे भाग खोक्यात घालून विकते आणि लोक ते घरी जोडतात.

आता गंमत पाहा. ही मूळ कोब्रा तरी कुठून आली? शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीची 'एस' ही गाडी घेतली आणि तिच्यात अमेरिकी फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले. त्या 'एस'चा आकार ज्या रेसच्या गाडीवरून आला, तिच्या अंगावर फेरारी १६६ बार्केटाची स्पष्ट छाप होती. म्हणजे आज ज्या गाडीला अस्सल म्हणून कोट्यवधी रुपये मोजतात, तिच्या पोटात दुसऱ्याचे इंजिन आणि अंगावर तिसऱ्याची छाप होती. पण शेल्बी यांनी तिला फेरारी म्हटले नाही. तिला स्वतःचे नाव दिले आणि त्या नावाची जबाबदारी घेतली.

इंग्लंडमध्ये या छंदाला घरगुती रूप आले ते लोटस सेव्हनमुळे. कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीची ही गाडी १९५७ ची. त्या काळी तिथे तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. त्यामुळे सामान्य पगारदार माणूस सुटे भाग घेऊन घरी गाडी जोडू लागला. १९७३ मध्ये केटरहॅम कंपनीने तिचे हक्क घेतले आणि तीच गाडी आपल्या नावाने पुढे चालवली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे, अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बनवावी हे सांगणारे पुस्तक आले. भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट आणि चौकोनी लोखंडी पाइप एवढ्यावर शेकडो बापलेकांनी आपापल्या अंगणात गाड्या उभ्या केल्या. त्यांना शौकिनांनी 'लोकॉस्ट' म्हटले, लोटस म्हणून त्या कुणी खपवल्या नाहीत.

बिल्ला लागला की गोष्ट बदलते

याउलट फेरारीचा किस्सा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'मायामी व्हाइस' या अमेरिकी मालिकेत नायक काळी फेरारी डेटोना स्पायडर चालवताना दिसे. खरे तर ती कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर फायबर चढवलेली नक्कल होती. फेरारीने हरकत घेतली. अखेर कंपनीने मालिकेला खरी टेस्टारोसा दिली आणि १९८६ च्या हंगामात नकली गाडी पडद्यावर स्फोटाने उडवून देण्यात आली.

पुढे हा प्रश्न कोर्टातही गेला. एक अमेरिकी कारागीर डेटोना आणि टेस्टारोसासारखे फायबरचे सांगाडे विकत असे. सांगाड्याची किंमत सुमारे ८,५०० डॉलर, तर त्या वेळी अस्सल डेटोना स्पायडर दहा ते वीस लाख डॉलरना जात होती. त्याचा बचाव सरळ होता. माझ्या गिऱ्हाइकाला माहीत असते की ही फेरारी नाही, मग फसवणूक कुणाची झाली? १९९१ मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव मानला नाही. विकत घेणारा फसत नसेल, पण रस्त्यावरून पाहणारा फसतो आणि त्यामुळे मूळ मालाची पत कमी होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. एका न्यायाधीशांचे मत मात्र वेगळे होते. आम्हालाही वाटते की त्या कारागिराच्या बाजूने थोडे बोलता येईल, पण रस्त्यावरच्या माणसाचा मुद्दा खोडणे कठीण आहे. नकली गाडी बहुतेक वेळा रस्त्यावरच्या माणसासाठीच तर बनवलेली असते.

जुलै २०१९ मध्ये ब्राझीलच्या इताजाई शहरात पोलिसांनी एक कारखाना बंद केला. तिथे बाप आणि मुलगा मिळून नकली फेरारी आणि लँबोर्गिनी बनवत आणि १ लाख ८० हजार ते अडीच लाख रियालना विकत. कोलोरॅडोतही बाप आणि मुलगाच होते. दोघांच्याही हातात कसब होते. कोलोरॅडोच्या बापाने आकार जागोजागी बदलला, गाडीला स्वतःचे वेगळे नाव दिले आणि ती शाळांमध्ये नेऊन मुलांना विज्ञान शिकवायला वापरली. इताजाईच्या गाड्यांवर दुसऱ्याचे बिल्ले होते आणि धंदा त्या बिल्ल्यांवर चालत होता.

आमच्या मते सगळा वाद इथे येऊन थांबतो. पत्रा वळवणे ही कला आहे. त्यावर दुसऱ्याचा बैल किंवा घोडा चिकटवणे हे खोटे बोलणे आहे. मालाचा दोष गिऱ्हाइकापासून दडवू नये, वरचा माल एक आणि खालचा दुसरा असे करू नये, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. जो कारागीर विचारल्यावर हसून सांगतो, "भाई, आतून स्विफ्ट आहे," त्याची कमाई साफ आहे. जो गप्प बसून लोकांना भलतेच समजू देतो, त्याने विचार करावा.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये घरी बनवलेली गाडी सरकारी चाचणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, अगदी पत्र्याची धारदार कडासुद्धा तपासली जाते. पास झाली तर तिला रस्त्याचा परवाना मिळतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून छोट्या कारखान्यांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकण्याची मुभा दिली. अट अशी की मूळ गाडी किमान २५ वर्षे जुनी हवी आणि तिच्या हक्कदाराची परवानगी हवी.

भारतात हौशी कारागिरासाठी असा सोपा दरवाजा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खोटा ट्रेडमार्क लावणे हा तर वेगळाच गुन्हा. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नवीन गाडी काढायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तो खर्च एकट्या मेकॅनिकच्या आवाक्यातला नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावची गोष्ट अनेकांना आठवत असेल. तिथल्या एका कारागिराने भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस तिचा व्हिडिओ गाजला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण सोबत हेही म्हटले की ही गाडी नियमात बसत नाही, तिला आज ना उद्या रस्त्यावर अडवतील. म्हणून त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. त्या कारागिराचे नशीब चांगले. पण गावोगावच्या इतर हातांना बोलेरो मिळणार नाही. त्यांच्या पदरी जप्ती आणि दंड येण्याचीच शक्यता अधिक. घरच्या बचतीतून सहा लाख घालण्याआधी हा हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून करायला हवा.

जिवाचा प्रश्न

कायद्यापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, वरचा सांगाडा काढला तरी ती उभी राहते. स्विफ्टसारख्या आजच्या गाडीला वेगळी चेसिस नसते. टप, खांब, तळ हे सगळे मिळूनच तिची ताकद असते. टप कापला, खांब छाटले की ती बाहेरून राजेशाही दिसली तरी टक्कर झाल्यावर आतल्या माणसाला वाचवणारे फारसे काही उरत नाही. वजन वाढते, ब्रेक मात्र जुनेच राहतात. ओढून-ताणून केलेल्या वायरिंगमुळे आग लागण्याची भीती असते.

बनवणाऱ्याच्या तब्येतीचेही पाहावे. फायबर घासताना उडणारी काचेची बारीक पूड आणि रेझिनच्या वाफा फुप्फुसाला त्रास देतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी पोरे आपण रोज पाहतो. चांगला मास्क, हातमोजे, चष्मा आणि हवा खेळती असलेली जागा एवढे तरी हवेच. घरातल्या लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावे.

घरात असा मुलगा असेल तर

एखाद्या घरात वहीच्या मागच्या पानावर लँबोर्गिनी काढणारा, गॅरेजात चाचांच्या हाताखाली रमणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला हसू नये आणि "हे भिकेचे डोहाळे" म्हणून झिडकारूही नये. २००४ च्या 'टारझन : द वंडर कार' चित्रपटातली ती जांभळट गाडी आठवते? ती टोयोटा एमआर-२ वर आपल्याच देशात घडवलेली होती. अशा कामाला बाजार आहे : चित्रपट, जाहिराती, प्रदर्शने, जुन्या गाड्यांची डागडुजी. तिथे रस्त्याच्या परवान्याची अडचण येत नाही आणि कुणाची फसवणूकही होत नाही.

दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल, वेल्डर, शीट मेटल वर्कर हे अभ्यासक्रम आहेत. हातात असलेल्या कसबाला त्यातून सर्टिफिकेट मिळते आणि मापाची, नकाशाची सवय लागते. इंजिनीअरिंगला गेलेल्यांसाठी 'बाहा' आणि 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धा आहेत. तिथे विद्यार्थी स्वतः आखलेली गाडी स्वतः बनवतात, परीक्षक ती तपासतात आणि बंद मैदानावर ती पळवली जाते. खासगी जागेत, रस्त्यावर न नेता, लहान आकाराचा नमुना घडवायलाही हरकत नाही. साचा, फायबर, रंग, सगळे शिकून होते आणि खर्च मर्यादेत राहतो.

फक्त एक अट घरच्या मोठ्यांनी घालावी. गाडी कितीही फेरारीसारखी झाली तरी पुढच्या बोनेटवर घोडा लावायचा नाही. तिथे आपल्या गॅरेजचे नाव लिहायचे, नाहीतर अम्मीचे. काम चांगले झाले तर लोक त्या नावाचा पत्ता विचारत येतील, आणि बिघडले तर त्याच नावावर दुरुस्तही करून द्यावे लागेल.